चंद्रकलाबाईंच्या हजेरीत गुंड्या

मी माझ्या कुत्र्याला 'बस' म्हटलं की बसायला शिकवलं. ही माझी चूक. तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही, कारण अर्ध्या वसमतनं ती उघड्या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

शिकवताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मोबाइलवर एक गोरा माणूस हातात बिस्कीट धरून आपल्या कुत्र्याला इंग्रजीत बसवत होता. मी म्हटलं, आपलं कुत्रं गावरान, आपण मराठीत बसवू. गुंड्या चार दिवसांत शिकला. माझ्या वर्गातली मुलं चार वर्षांत शिकत नाहीत, त्यामुळे मला त्या शब्दाचा फार अभिमान वाटू लागला. एका रविवारी सकाळी तो अभिमान पट्ट्याला बांधून मी बसस्टँडच्या रस्त्यानं फिरायला निघालो.

"नांदेड बस लागली का हो?" एका माणसानं पलीकडून ओरडून विचारलं. गुंड्या बसला.

रस्त्याच्या मधोमध बसला. मी त्याला उठवतोय तोवर कुणीतरी म्हणालं, "आली, आली, बस आली!" तो आणखी नीट बसला. टपरीवर चहा ओतून घेणारा एक जण हिंदीत म्हणाला, "बस भाई, बस," तेव्हा तर तो जमिनीत रुतायचाच बाकी राहिला. आणि समोर खरोखरची बस येऊन उभी. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग डोकं बाहेर काढलं, मग स्वतःच खाली उतरला.

"कुत्रं उठवा ना, सर!"

"उठत नाही."

"काहून?"

"त्याला 'बस' ऐकू येऊन राहिलंय."

"मंग नका म्हणू ना तसं!"

"मी कुठं म्हणालो? तुमची माणसं म्हणून राहिलीत."

"अहो, बस हाय ती! बसला बस न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं?" ड्रायव्हरच्या त्या एका दमात 'बस' तीनदा आला. गुंड्यानं त्याच्याकडं अतिशय आज्ञाधारक नजरेनं पाहिलं.

गर्दी जमली. सल्ले सुरू झाले. तेवढ्यात स्टँडच्या शेडमधून एक साठीच्या बाई आल्या. खांद्याला जाड कापडी पिशवी, पदर खोचलेला, कपाळावर गोंदण. त्यांनी बंद मूठ गुंड्याच्या नाकासमोर धरली आणि तशीच हळूच रस्त्याच्या कडेला नेली. गुंड्या उठला आणि मुठीमागं चालत गेला. बस निघून गेली.

"मुठीत काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी मूठ उघडली. रिकामी. "काय हाय ते बघाया आला तो. हुशार लेकरू हाय." मग त्यांनी विचारलं, "ह्याला दिवसभर काम काय असतं?"

"काम? कुत्र्याला कसलं काम?"

"आन् तुमी काय करता?"

"शिक्षक आहे. हायस्कूलला. गणित."

"असू द्या," त्या म्हणाल्या. कुणाच्या घरी वाईट बातमी कळल्यावर आपण म्हणतो ना, तसं.

चंद्रकलाबाई राठोडांची नि माझी ओळख ही अशी झाली. हट्टा गावाकडच्या एका बंजारा तांड्यावर त्यांनी जन्मभर अंगणवाडी चालवली होती. सेविका म्हणून निवृत्त झाल्यावर मुलाकडं वसमतला राहायला आल्या होत्या. मुलगा बँकेत, बदलीच्या नोकरीचा. घर आमच्या मागच्याच गल्लीत. नोकरी संपली, पण बाईंच्या अंगातली अंगणवाडी काही संपली नव्हती. रस्त्यात भेटलेल्या कुणालाही त्या आधी विचारायच्या, "जेवलास का? काय जेवलास?" हा प्रश्न त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांनाही विचारलेला आहे, आणि मुख्याध्यापकांनी भाजीच्या नावासकट उत्तर दिलेलं आहे.

दुसरी सवय वजनाची. लेकरांना काट्यावर टांगून टांगून त्यांचे डोळेच काटा झाले होते. दुसऱ्या भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तर." मला वाटलं घर नंबर विचारतायत. नंतर मेडिकलच्या दुकानातल्या मशिनवर उभा राहिलो, तर अठ्ठ्याहत्तर आणि वर काहीतरी. ते वरचं काहीतरी मी त्यांना विजयी मुद्रेनं जाऊन सांगितलं. "चपला काढल्या व्हत्या का?" त्यांनी विचारलं. काढल्या नव्हत्या.

मॅडम म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. शेजारच्या बायका त्यांना ताई म्हणत, आम्ही बाई म्हणायचो. मराठी त्या आमच्यासारखीच बोलत, फक्त फार चिडल्या की गोरमाटीत, म्हणजे आपल्या बंजारा बोलीत, पुटपुटायच्या. त्यातलं आम्हाला अक्षर कळायचं नाही, पण गुंड्या मात्र कान पाडून शहाण्यासारखा ऐकायचा. मला तेव्हा शंका यायची की ते माझ्याविषयी आहे.

आता गुंड्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण बाई आमच्या घरी आल्या त्या त्याच्यासाठी. तो माझ्या मुलीचा, प्रणिताचा. तिनं तो पिल्लू असताना आणला आणि नाव ठेवलं गुंड्या. नावाचा तेवढाच गुंड. दाराशी रांगोळी असली तर वळसा घालून जाणारा कुत्रा मी दुसरा पाहिला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही, ताटाला तोंड नाही, पाहुण्यांवर भुंकणं नाही. लोक आपल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायचे. मग प्रणिता लातूरला शिकायला गेली. मी दहाला शाळेत, बायको सुनंदा सरकारी दवाखान्यात नर्स, तीही सकाळीच बाहेर. आणि हा गुणी प्राणी दहा ते पाच घरात एकटा.

पहिल्या दिवशी त्यानं गादी फाडली. दुसऱ्या दिवशी माझ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासला. मी तपासतो त्यापेक्षा काळजीपूर्वक, प्रत्येक पान वेगळं करून. पण खरी तक्रार आवाजाची होती. आम्ही जिना उतरलो की तो सूर लावायचा, तो पाचलाच थांबायचा.

खाली घरमालक तात्या राहायचे. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी दुपारी झोपायला सांगितलेलं. तात्या वाईट माणूस नव्हता. गुंड्याला रोज संध्याकाळी हातानं पोळी द्यायचा. पण श्रावणातल्या एका दुपारी तो स्वतः वर आला आणि कठड्याला धरून धापा टाकत म्हणाला, "मास्तर, कुत्रं गुणी हाय. मी न्हाई म्हणत न्हाई. पण माझं काळीज आता ठिगळाचं हाय. दसऱ्यापर्यंत बघा. न्हाई जमलं तर त्याची सोय दुसरीकडं करा."

दुसरीकडं म्हणजे सुनंदाच्या भावाच्या शेतावर, हट्ट्याला, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी साखळीला. मेहुणा तयारच होता, त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. आणि प्रणिता रोज संध्याकाळी फोन करून आधी म्हणायची, "बाबा, बाजूला व्हा, गुंड्या दाखवा." तिला हे आम्ही सांगितलेलं नव्हतं. दसऱ्यानंतर त्या फोनमध्ये मी काय दाखवणार होतो, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

मी बाईंकडं गेलो.

बाई तीन दिवस नुसत्या येऊन बसल्या. भिंतीला पाठ लावून, वाती वळत. गुंड्याकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या. चौथ्या दिवशी पिशवीतून एक जुनी वही काढली. पानावर रकाने आखले, आणि सवयीच्या गोल अक्षरात लिहिलं : नाव गुंड्या, वय अडीच वर्षे, लसी झाल्या, वजन चौदा. पालकाच्या नावापुढं माझं नाव. शेवटच्या रकान्यात शेरा : 'लेकरू बुद्धीने चांगले. घरी लक्ष नाही.'

"बाई, घरी सगळं आहे त्याला," मी म्हणालो. "खायला आहे, पंखा आहे, टीव्हीसुद्धा लावून जातो."

"टीव्ही काहून? त्याला काय समजून राहिलं त्यातलं?" त्यांनी वही मिटली. "आमच्या पणज्याकडं बैलांचे तांडे व्हते. मीठ लादून, धान्य लादून मुलूखभर जायचे. आजी सांगायची, चालणारा बैल कधी शिंग मारत न्हाई. दावणीला महिनाभर उभा ऱ्हायला की खुंटा उपटतो. तुमचं लेकरू खुंटा उपटून राहिलं, सर. दोरीवर काहून राग काढता?"

त्याच दिवशी त्यांनी गुंड्याचं ताट बंद केलं. म्हणजे उपास नाही. ज्वारीची भाकरी तेवढीच, पण वाढायची नाही. शोधायला लावायची. उलट्या वाट्यांखाली एक तुकडा. जुन्या पोत्याची गुंडाळी करून तिच्या वळ्यांत चार. कागदाच्या पुड्या, त्यातल्या काही रिकाम्या. मक्याच्या सोललेल्या पानांत एखादा. पहिल्या सकाळी गुंड्यानं नेहमीच्या जागी ताट नाही हे पाहून माझ्याकडं पाहिलं, मग बाईंकडं पाहिलं, मग नाक खाली घातलं. पाऊण तास तो त्या खोलीत शेतकी खात्याच्या अधिकाऱ्यासारखा फिरत होता. शेवटी शेवटच्या वाटीवर पंजा ठेवून ती उलटली आणि जांभई दिली. एवढी समाधानी जांभई मी त्या घरात कुणाचीच पाहिली नव्हती.

"दमला," मी म्हणालो.

"पाय न्हाई दमले. डोकं दमलं. तुमच्या वर्गातली लेकरं कधी अशी दमतात का?"

मी म्हटलं, जांभया तर पुष्कळ देतात.

बाईंची पद्धत मला पटली, आणि पद्धत पटली की मी ती सुधारायला जातो. दोन दिवसांनी मी ठरवलं की गुंड्यासाठी अवघड पातळी काढायची. दहा तुकडे लपवले. सुनंदाच्या पर्समध्ये एक, पायमोज्यात एक, पांघरुणांच्या थप्पीत मधोमध दोन. गणिताचा माणूस, यादी कशाला करू? गुंड्याला नऊ सापडले. दहावा मलाही आठवेना. तो तीन दिवसांनी मुंग्यांना सापडला, सुनंदाच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या गणवेशाच्या खिशात, आणि तो गणवेश तिच्या अंगावर असताना. पुढचे काही दिवस आमच्या घरात फक्त गुंड्याशीच सगळे बोलत होते.

शब्दही बदलले. 'बस' हा शब्द बाईंनी घरातून हद्दपार केला. "गावातला कोण बी जो शब्द वापरतो, तो लेकराला हुकूम म्हणून द्यायचा न्हाई," त्या म्हणाल्या. बसण्यासाठी 'मांडी'. मोकळं सोडताना 'सुट्टी'. आणि एका जागी शांत पडून राहायचं असेल तर त्यांचा जन्मभराचा, झिजून गुळगुळीत झालेला हुकूम : "हाताची घडी!" पहिल्यांदा मी हसलो. आठवड्याभरात गुंड्या ते ऐकलं की पोटावर पडून पुढचे दोन पंजे एकमेकांवर ठेवायचा आणि हनुवटी त्यांच्यावर टेकायचा. तात्यानं हे पाहिलं तेव्हा त्यालाच स्वतःच्या हातांची घडी घालावीशी वाटली. घातलीही.

एक गोष्ट मी त्यांना कधी करताना पाहिली नाही, ती म्हणजे 'नाही' म्हणणं. गुंड्यानं चप्पल तोंडात धरली की मी "ए, नाही, नाही!" करत धावायचो, बाई तिसरीकडंच बघत पोत्याची गुंडाळी जमिनीवर ठेवायच्या. चप्पल आपोआप सुटायची. "न्हाई म्हटलं की काय करायचं न्हाई एवढंच कळतं," त्या म्हणायच्या. "मग करायचं काय, ते कोण सांगणार? तुमचा बाप तुमाला न्हाईच म्हणत ऱ्हायला असल." हे खरं होतं, पण त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही.

पुढं आला वासाचा खेळ. कापडाच्या चिंधीला एक वास लावायचा, तो कुत्र्याला हुंगायला द्यायचा, मग ती चिंधी घरात लपवायची आणि म्हणायचं, "शोध." बाई दोन दिवसांसाठी तांड्यावर एका लग्नाला जाणार होत्या. जाताना म्हणाल्या, "घरात नसलेला वास घ्या. सोपं ठेवा. खोलीच्या बाहेर नेऊ नका."

मी हळद घेतली. घरात डबाभर होती, पण मी विचार केला, वास ठळक पाहिजे. घरात गुंड्याचा गोंधळ उडाला, तेव्हा मी म्हटलं, जागा अपुरी पडतेय, आणि त्याला घेऊन बाहेर पडलो. चिंधी आधी पुढं जाऊन एका कट्ट्यामागं ठेवून आलो होतो. "शोध," म्हणालो.

वसमतमध्ये. हळदीच्या बाजाराच्या गावात.

गुंड्या पहिल्या घराच्या पायरीशी जाऊन बसला आणि बक्षिसासाठी माझ्याकडं बघू लागला. मग दुसऱ्या घराच्या. मग रिक्षाच्या. मग एका म्हातारबाच्या धोतराशी. मग त्यानं मला ओढत थेट एका व्यापाऱ्याच्या गोदामात नेलं आणि हळदीच्या पहिल्या पोत्यासमोर मांडी घातली. मी भाकरीचा तुकडा दिला. तो दुसऱ्या पोत्यासमोर बसला. नवव्या पोत्याला माझ्या खिशातली भाकरी संपली, आणि गोदामात अजून छतापर्यंत पोती होती. हमाल काम थांबवून गोळा झाले. व्यापारी गादीवरून उठला, घाम पुसत म्हणाला, "साहेब, कुत्रं पोलीस खात्याचं का? माल सगळा साफ हाय आमचा. चहा सांगू?"

मी चहा घेतला.

बाई लग्नाहून आल्या, त्यांना हे गल्लीच्या तोंडालाच कळलं. घरी येऊन त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "वसमतात हळद शोधाया लावली? उद्या त्याला हवा शोधाया लावा!" त्यांनी पिशवीतून एक जायफळ काढलं. त्यानंतर गुंड्या घरात कुठंही ठेवलेलं ते जायफळ शोधून आणायचा, अजिबात न चावता, अंडं आणल्यासारखं.

एवढं सगळं झालं, पण एकटं राहणं बाकी होतं, आणि दसरा जवळ येत होता. गुंड्या दमायचा, झोपायचा. पण मी दार लावलं की ताडकन उठून रडायचा. बाईंनी विचारलं, "तुमी जाता कसे?"

"हळूच. त्याचं लक्ष नसलं की सटकतो."

"चोरासारखे."

"त्याला वाईट वाटू नये म्हणून."

"सर," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली थट्टा गेली. "पहिल्या दिवशी आया लेकराला सोडाया येतात. काही जणी लेकरू खेळाया लागलं की मागच्या मागं पळतात. ते लेकरू मग महिनाभर खेळत न्हाई. दाराकडं बघत बसतं. खेळलो की आई जाती, एवढंच ते शिकतं. सांगून जावं. रडलं तरी सांगून जावं. आन् सांगितल्या टायमाला परत यावं, बराबर."

त्यांनी मला वेळा ठरवून दिल्या. पुड्या मांडायच्या, 'येतो' म्हणायचं, बाहेर जायचं. पहिल्या दिवशी एक ते वीस म्हणेपर्यंत. मग पाच मिनिटं. मग दहा. तो रडायच्या आधी परत यायचं, आणि आल्यावर कौतुकाचा तमाशा करायचा नाही. त्यासाठी मी शाळेतून आल्यावर रोज संध्याकाळी माझ्याच दाराबाहेर घड्याळ बघत उभा राहू लागलो. आत जायचो, दोन मिनिटांत परत बाहेर. शेजारच्या घरातले एक जण तिसऱ्या दिवशी हळूच स्टूल घेऊन आले. "बसा, सर. होत असतं असं संसारात. वहिनींना जरा थंड होऊ द्या." मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रात्रीचा डबा पाठवला.

पाच मिनिटांची पन्नास झाली, पन्नासांचे दोन तास. शाळेच्या दिवसात मधल्या सुट्टीला मी सायकल दामटत घरी येऊन जायचो. भाद्रपद संपता संपता गुंड्या आमच्या पाठीमागं दार बंद होताना नुसता मान वर करून बघायचा आणि परत पोत्यात नाक घालायचा. तात्या मात्र म्हणाला, "थोडं थोडं न्हाई चालायचं. मी दसऱ्याच्या दिवशी बघणार. जेवण झाल्यावर एक ते पाच. घरात कोणी नको. आवाज आला तर माझा शब्द तो शब्द."

दसऱ्याला सुनंदा भावाकडं हट्ट्याला गेली. मोटारीच्या खोलीपाशी त्यानं नवीन साखळी आणून ठेवल्याचं तिनं मला फोनवर सांगितलं. मी एक वाजता पुड्या मांडल्या, जायफळ लपवलं, पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्याच्या आवाजात "येतो" म्हणालो आणि मागच्या गल्लीत बाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. मुलाची नाशिकला बदली झाली होती. त्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "तिथं बी लेकरं असतील," आणि झेंडूच्या पाकळ्या निवडत राहिल्या. मी दर पाच मिनिटांनी म्हणायचो, "काही ऐकू येतंय का?" त्या म्हणायच्या, "तुमचंच."

दोन वाजले. तीन वाजले. चारला बाई चहा टाकायला आत गेल्या, आणि माझ्यानं राहवलं नाही.

चपला हातात घेतल्या. जिना एकेक पायरी चढलो. दाराशी गुडघ्यांवर बसलो, मग ओणवा झालो, मग फटीला कान लावून जवळजवळ आडवाच. आत वाटी सरकल्याचा आवाज आला. मग एक लांब, तृप्त सुस्कारा. मग काही नाही. घर एवढं शांत होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून मी नाक ओढलं.

आतून नखांची टकटक दारापर्यंत आली. फटीतून एक ओलं नाक माझ्या कानाला लागलं. मी श्वास रोखला. गुंड्यानं एकदा विचारल्यासारखं भुंकून पाहिलं. दाराबाहेर घरचा माणूस आडवा पडलाय, आत येत नाही आणि बोलतही नाही; त्यानं काय समजायचं? तो भुंकला. मग जीव तोडून भुंकला. इतक्या दिवसांत भुंकला नव्हता ते सगळं भुंकला.

खालचं दार उघडलं. तात्या कठडा धरून वर आला आणि मधल्या वळणावर थांबला. मी चार पायांवर होतो. चपला दातांत नव्हत्या एवढंच.

"तात्या, हा आवाज धरू नका," मी तसाच म्हणालो. "चूक माझी आहे. तो शांत होता. शपथ."

मागून बाई आल्या, हातात माझ्या चहाची बशी. त्यांनी वर पाहिलं आणि गोरमाटीत काहीतरी पुटपुटल्या. या वेळी मला अर्थ कळला.

"तात्या," त्या मराठीत म्हणाल्या, "तीन तास काय ऐकलं ते सांगा. भुंकलेलं सांगू नका."

तात्यानं खिशातून घड्याळ काढलं. "एकपासून बसून राहिलो दाराशी. काय बी ऐकलं न्हाई. दोनला वाटलं, मास्तरनं कुत्रं गुपचूप संगं नेलं. वर गॅलरीत जाऊन खिडकीतून बघून आलो. पडलं व्हतं पंजावर पंजा ठेवून. मंग माझाच डोळा लागला." तो माझ्याकडं वळला. "आन् चोरासारखं कुणी दारात आल्यावर कुत्र्यानं भुंकायचं न्हाई तर काय आरती म्हणायची? कुत्रं ऱ्हाईल, मास्तर. हट्ट्याला फोन करा, साखळी परत द्या म्हणावं दुकानात."

मी उठलो, गुडघे झटकले आणि दार उघडलं. गुंड्यानं मला हुंगलं, बाईंना हुंगलं, आणि जायफळ आणून बाईंच्या पायाशी ठेवलं. बाईंनी ते उचलून पदराला बांधलं. एरवी कौतुकाचा तमाशा न करणाऱ्या त्या बाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून क्षणभर आपल्या गालाला लावलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा टेंपो गेला तेव्हा मी शाळेत होतो. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर बाई दिसतात त्या त्याच दुपारच्या जिन्यावर. खांद्याला कापडी पिशवी, एका हातात रिकामी बशी, दुसरा हात कठड्यावर. त्या चार पायऱ्या उतरल्या होत्या. तात्यानं हसत विचारलं, "बाई, कुत्र्याचं काम झालं. आता जाता जाता मास्तरला घ्या ना हाताखाली. किती दिवस लागतील?"

बाई थांबल्या. वळल्या. मला नीट निरखून पाहिलं.

"न्हाई जमायचं, तात्या," त्या म्हणाल्या. "अंगणवाडीत सहा वर्षांपुढचं लेकरू घेत न्हाईत."